कान्ह्याचे सात ठिपके

सकाळचे आठ वाजायचे होते. तेजल लेकीला मांडीवर घेऊन नाचणीचं सत्त्व भरवत होती. त्यातलं निम्मं लेकीच्या तोंडात जात होतं आणि निम्मं तेजलच्या गाऊनवर. तेवढ्यात फोन वाजला. सुहास सर! पुण्याच्या ऑफिसातून ते कधी दहाच्या आत फोन करत नसत.

"तेजल, आज नकाशा उघडलास का?"

"नाही सर, बाळाचं आवरत होते."

"उघड. कान्हे बघ."

एका हातानं लेकीची हनुवटी पुसत तिनं दुसऱ्या हातानं नकाशा उघडला. मावळ तालुका पसरला. वलवणला तिचा स्वतःचा एक ठिपका, कामशेतला दोन, वडगावला तीन. आणि कान्ह्याला एक जाडजूड ठिपका, शाई सांडल्यासारखा. बोटांनी मोठा करून बघितल्यावर कळलं, तो एक नव्हता. सात ठिपके एकावर एक बसले होते.

तिचं काम असं होतं. एखादं नवं अ‍ॅप लोकांच्या हातात जायच्या आधी कंपनी ते वेगवेगळ्या गावच्या, साध्यासुध्या फोनवाल्या माणसांकडे द्यायची. त्यांनी एकेक बटण बोटानं दाबून बघायचं, कुठे अडतं, कुठे चुकतं ते लिहायचं. त्यांना टेस्टर म्हणत. कोणत्या टेस्टरनं किती काम केलं, कोणत्या गावातून केलं, आठवड्यात कोण गळलं, कोणता भाग रिकामा राहिला, याची हजेरी तेजल ठेवायची. सध्याचं अ‍ॅप होतं लहान बाळांच्या लसींची आठवण करून देणारं. कंपनीला डोंगराकडच्या बायका हव्या होत्या, आणि आंदर मावळातल्या सात वाड्यांतल्या सात बायका तेजलनं महिनाभर फोनाफोनी करून गोळा केल्या होत्या. सरांनी तेव्हा तिचं सगळ्यांसमोर कौतुक केलं होतं.

"सातही जणींचं काम रोज बारा ते एकच्या दरम्यान येतं," सर म्हणाले, "आणि स्टेशनबाहेरच्या एकाच झाडाखालून येतं. वरच्यांचं म्हणणं आहे, ही सात माणसं नाहीतच. एक माणूस आहे आणि त्याच्याकडे सात फोन आहेत."

"सर, पण यादीत त्यांची गावं..."

"यादी तूच भरलीस ना? बघितलंयस त्यांना कधी?"

नव्हतंच बघितलं. एकीनं दुसरीचा नंबर दिला, दुसरीनं तिसरीचा. दुपारी बाराला त्यांचे बोलून पाठवलेले निरोप सगळे एकदम येऊन पडायचे आणि तेजल लेकीला पाजता पाजता ते ऐकायची. एवढीच ओळख.

"आज पाचपर्यंत मला सात नावं आणि सात जागा दाखव," सर म्हणाले. आवाज कठोर नव्हता, थकलेला होता. "नाही तर हा गट बंद होईल. आणि गट तू उभा केलास, तेव्हा तुझंही नाव त्यातच जाईल. मी किती थोपवणार?"

फोन ठेवल्यावर लेकीनं वाटी उलटी केली. तेजलला रागवायचंही सुचलं नाही. बाळंतपणाआधी ती लोणावळ्यातल्या एका हॉटेलात काउंटरवर असायची. दहा तास उभ्यानं हसायचं ते काम लेक पोटात असतानाच सुटलं. हे काम तिला मांडीवर लेक ठेवून करता येत होतं. असं दुसरं काम तिला कोण देणार होतं? नवरा, सत्यम, पहाटेच एका हॉटेलच्या काउंटरवर ड्यूटीला गेला होता. तिनं त्याला फोन लावला.

"अगं, फोनवरच विचार की त्यांना," तो म्हणाला.

"बाराशिवाय लागतच नाही त्यांचा फोन. आणि लागला तरी मी कुणाशी बोलतेय ते मला कुठे कळणार आहे?"

"मग?"

"मग जाते."

"बाळाला घेऊन?"

"तिला कुठे ठेवू? तुझ्या काउंटरवर?"

तो हसला. ती हसली नाही. दोन दुपटी, पाण्याची बाटली, मऊ भाताचा डबा, चार्जर एवढं पिशवीत कोंबून तिनं दाराला कुलूप लावलं.

लोकलमध्ये खिडकीशी जागा मिळाली. लेक खिडकीच्या गजाला जीभ लावायच्या खटपटीत, आणि तेजल फोनमधले जुने निरोप परत परत ऐकण्यात. चिमाबाईचा घोगरा आवाज. माधवीचा शाळेत कविता म्हटल्यासारखा. ही वेगवेगळी माणसं आहेतच, तिनं स्वतःला बजावलं. मग ती राजेश्वरीवर आली. राजेश्वरी तिची सगळ्यात चांगली टेस्टर. गेल्या तीन आठवड्यांत तिनं एकटीनं बावीस चुका काढल्या होत्या. सर म्हणाले होते, ही बाई हिरा आहे. पण तिचा आवाज? तेजल निरोप खाली खाली सरकवत गेली. तीन आठवड्यांत राजेश्वरीचा एकही निरोप नव्हता. चुका होत्या, आवाज नव्हता. कामशेत गेलं तरी तिला कळलं नाही.

कान्ह्याला उतरून ती स्टेशनबाहेर आली. करंजाच्या झाडाखाली एक पन्नाशीची बाई मेथी, चाकवत आणि कांद्याची पात मांडून बसली होती. भाजीच्या शेजारी गोणपाट अंथरलेलं, आणि त्यावर पापड वाळत घालावेत तसे सात फोन ओळीनं ठेवलेले.

एक माणूस, सात फोन.

"मावशी," तेजलनं विचारलं, "हे फोन कुणाचे?"

"कुनाचे म्हंजी? ज्येचे त्येचे. मेथी घे की, कवळी हाय."

"सगळे तुमच्याकडेच असतात?"

बाईनं मान वर केली. तेजलला आणि कडेवरच्या पोरीला नीट निरखलं. "पोलिसातली हायेस का गं? काकंत पोर घिऊन?"

"मी तेजल. वलवणची. त्या लसींच्या अ‍ॅपचं काम..."

"आगं बया! त्या फोनात बोलनाऱ्या तेजलताई?" बाई कमरेवर हात देऊन उठलीच. "आवाज लय जाड येतो तुमचा. मला वाटलं चांगली थोराड बाई आसंल. तू तर पोरगीच की! मी भामाबाई. बस, बस हितं. पोरीला उनात धरू नको."

आणि मग भामाबाईनं भाजीवर पाणी मारता मारता सगळं सांगितलं. वर वाड्यांमध्ये रेंज म्हणून नाही. बायका सकाळी चुलीपुढं, गोठ्यात, जमेल तिथं अ‍ॅपवर काम करत. केलेलं फोनातच साठून राहत असे. सात वाजता वडापची जीप निघायची आणि भामाबाई भाजी घेऊन खाली यायची, तेव्हा वाटेतल्या प्रत्येक वाडीच्या फाट्यावर एकेक बाई आपला फोन तिच्या पिशवीत टाकायची. कान्ह्याला झाडाखाली रेंज चांगली. दुपारी भाजीची गर्दी ओसरली की भामाबाई बंद करून दिलेले फोन चालू करून मांडायची; आज गिऱ्हाईक कमी, म्हणून लवकरच मांडले होते. टिंग वाजलं की समजायचं, काम गेलं. संध्याकाळी ज्याचा फोन त्याच्या फाट्यावर परत.

"तुम्ही काही दाबत नाही ना?" तेजलनं विचारलं.

"मला कुटं वाचाया येतंय? मी मांडते आन् राखते. परवा कावळ्यानं एकाची काच टोचली, तवापासनं काठी घिऊन बसते."

तेजलला हसू आणि रडू एकदम आलं. तिनं एक फोन उचलून बघितला. जे वाटलं होतं तेच. जागा दाखवायची सोय बंद होती.

"ते चालू ठिवलं की बॅटरी खातंय," भामाबाई म्हणाली. "वर लाईट सारखी जाती. समद्यांनी बंदच केलंय."

म्हणजे काम वाडीत व्हायचं, पण ती जागा अ‍ॅपला कळायचीच नाही. फोन खाली येऊन रेंज पकडायचा, त्याच जागेची नोंद व्हायची. तेजलनं घड्याळ बघितलं. पावणेअकरा. ती सोय चालू करून प्रत्येकीनं आपल्या घरात एक जरी चाचणी केली आणि फोन पाचच्या आत परत या झाडाखाली आले, तर सात ठिपके आपापल्या घरी जाऊन बसतील. तिनं सरांना कळवलं.

"पाच म्हणजे पाच, तेजल," ते म्हणाले. "पाच वाजून पाच मिनिटांनी मी काही करू शकणार नाही."

भामाबाईनं भाजी शेजारच्या टपरीवाल्याकडे सोपवली आणि सातही फोन पिशवीत भरले. टाकव्याच्या रस्त्यावर वडापवाल्या निवृत्तीची जीप उभी होती. तो बॉनेटवर बसून शेंगा खात होता.

"गाडी भरल्याबिगर चाक हलनार न्हाई," तो म्हणाला.

"मी दोन शिटाची हाय, ही आन् हिची पोर मिळून दोन," भामाबाई आत चढत म्हणाली. "चार झाल्या. ह्या ताईला आपल्या बायकांची हजेरी घ्यायची हाय, आन् पाचाच्या आत परत हितं यायचंय. उठ."

"मास्तरीन हाय का?"

"तुला काय करायचंय? तुझी हजेरी तर बायको घेती रोज."

निवृत्तीनं शेंगांची टरफलं झटकली आणि निघाला.

मग सुरू झाली ती नुसती धावाधाव. पहिल्या वाडीत चिमाबाई शेळ्यांच्या गोठ्यात सापडली. तिनं हात पदराला पुसून फोन घेतला आणि ओठ हलवत एकेक अक्षर वाचत चाचणी केली. दहा मिनिटं गेली. तेजलला वाटलं, तिच्या हातातून फोन घेऊन आपणच दाबावं. दोन्ही हात लेकीभोवती घट्ट आवळून तिनं स्वतःला आवरलं. पुढच्या वाडीत बुद्धविहाराशेजारी माधवी होती, बी. कॉम. झालेली, तलाठ्याच्या परीक्षेची पुस्तकं उशाला घेऊन बसलेली. तिनं दोन मिनिटांत काम केलं आणि वर विचारलं, "ताई, आमच्यावर विश्वास नाही का त्यांचा?" तेजलनं फोन परत घेऊन भामाबाईच्या पिशवीत टाकला. तिसरी, चौथी, पाचवी. कुठे ताक प्यायला लावलं, कुठे लेकीच्या गालाला काजळाचं बोट लागलं. प्रत्येक घराच्या दारात तेजल आपल्या फोनकडे बघायची. रेंजची एकही काडी नव्हती. ठिपका बसला की नाही, हे खाली गेल्याशिवाय कळणार नव्हतं. आपण जे लावतोय ते बरोबर लागतंय ना, याचीच धास्ती. लेक मधूनच किरकिरायची, दात येत होते. सहाव्या घरी जाताना जीपमध्येच तिला पदराखाली घेतलं, तेव्हा दोघींना जरा श्वास मिळाला.

सहा झाल्या तेव्हा तीन वाजून गेले होते. उरलं ते राजेश्वरीचं घर, सगळ्यात वरच्या वाडीत. जीप फाट्यावर थांबवून तेजल आणि भामाबाई पायवाटेनं चढल्या.

ओटीवर एक सडपातळ, ताठ बाई चष्मा लावून तांदूळ निवडत बसली होती.

"ह्या कस्तुराबाई," भामाबाई म्हणाली. "राजेश्वरीच्या सासूबाई."

"आणि राजेश्वरी?" तेजलनं विचारलं.

दोघी बायकांनी एकमेकींकडे बघितलं.

"ती म्हायेरी हाय, शिरगावला," कस्तुराबाई म्हणाल्या. "बाळंत झाली. ल्योक झाला, पंधरा दीस झालं. आठ दीस आदी धाडली व्हती."

तेजलनं मनात दिवस मोजले. तेवीस दिवस. म्हणजे तीन आठवड्यांतल्या त्या बावीस चुका?

"मग हा फोन कोण..."

"मी." कस्तुराबाईंनी चष्मा काढला. "सातवी शिकलीये मी, त्या काळातली. तिनं जाताना दाखवलं समदं. तिचा वाटा मी उरकते. त्यात काय झालं?"

"पण नाव तर तिचं लागतंय."

"लागू दे की. भात लावताना आमी सावड करतो. एखादी आजारी पडली, बाळंत झाली, तर तिचं खाचर बाकीच्या लावत्यात. भात तिचंच व्हतं न्हवं? कुनाच्या हातानं लावलं म्हनून कुनी इचारतं का?"

तेजल ओटीवर टेकली. काय सांगावं या बाईला? की इथे हातच मोजतात. कोण, कुठून, किती, एवढंच तर तिच्या हजेरीत होतं. आणि नेमकं तेच या घरात खोटं निघालं होतं.

"तिनं मला का नाही सांगितलं, बाळंतपणाला जातेय म्हणून?" ती हळूच म्हणाली.

"कशी सांगनार? रडली की जाताना. म्हनली, आत्याबाई, तीन आठवडं रिकामं गेलं तर नाव कापत्यात, ताईनी सोताच सांगितलंय." कस्तुराबाईंनी सूप बाजूला सारलं. "तुमीच सांगितलंय न्हवं?"

सांगितलं होतं. तेजलला तो निरोप आठवला. वरून आलेला नियम होता. लेक खांद्यावर झोपलेली असताना, घाईघाईत, एका दमात बोलून तिनं तो सगळ्यांना धाडला होता. कुणी पोटुशी असेल, कुणी आजारी असेल, असं मनातसुद्धा आलं नव्हतं. तिच्या स्वतःच्या पोटावरचे टाके तेव्हा नुकते सुकले होते, तरी आलं नव्हतं.

"काय काय चुका सापडल्या तुम्हाला?" तिनं विचारलं. काहीतरी बोलायचं म्हणून.

कस्तुराबाई एकदम खुलल्या. "आगं, पहिल्याच पानावर बाळाचं नाव टाका म्हनतंय. टाकल्याबिगर फुडं जाईना. आता बारसं व्हायच्या आदी नाव कुटनं आनू? आन् पहिली सुई तर जल्मल्या जल्मल्या असती. मग मी नुसतं टिंब दिलं. तर घेतलं की त्येनं! आन् दुसऱ्या दिशी सांगतंय, टिंबाला लस द्यायची हाय."

भामाबाई तोंडाला पदर लावून हसली. तेजलच्या अंगावर मात्र काटा आला. ही चूक सरांनी पुण्याच्या बैठकीत मोठ्या पडद्यावर दाखवली होती. चाळिशीच्या आतल्या दीडशे टेस्टरांपैकी एकालाही ती दिसली नव्हती.

"साडेतीन व्हाया आलं," भामाबाई म्हणाली. "निवृत्ती हार्न वाजवाया लागलाय."

कस्तुराबाईंनी भामाबाईच्या पिशवीतून राजेश्वरीचा फोन घेतला. "सांग, काय दाबायचं. ही जागा चालू केली. घर तिचंच हाय, फोन तिचाच हाय. ठिपका बरोबर बसंल."

बसलाच असता. सात नावं, सात जागा. सरांनी मागितलं होतं तेवढंच. कुणाला कधी कळलं नसतं. तेजल त्या बोटाकडे बघत राहिली, पानाच्या चुन्यानं भेगाळलेल्या, फोनवर अलगद टेकलेल्या. हो म्हणायचं, की झालं. काम राहिलं, लेक मांडीवर राहिली. पण उद्या सरांनी समोरासमोर फोन लावून राजेश्वरीला बघायचं म्हटलं तर? आणि नाही लावला तरी, दर आठवड्याला ती ओळ आपल्यालाच खोटी भरावी लागणार.

"नको, मावशी," ती म्हणाली. "ठेवा फोन."

"आन् मग सहाच व्हतील की."

"सहाच होतील."

"गट मोडला तर?" भामाबाईचं हसू मावळलं होतं.

"माहीत नाही." तेजल कस्तुराबाईंकडे वळली. "मावशी, त्या बावीस चुका तुमच्या आहेत. मी तसं कळवते. तुमचं नाव घालू का यादीत?"

कस्तुराबाई ताडकन उभ्या राहिल्या. "माजं? सुनंचं काढून माजं लावायचं? उद्या ती घरी आली की मी तिला तोंड कसं दावू? म्हनंल, सासूनं जागा बळकावली. तसलं काय लिवू नको. ऱ्हायलं तर तिचं, न्हाई तर कुनाचंच नको."

"तिचं काढणार नाही."

"मग आत्ता नको का म्हनलीस?"

लेक रडायला लागली होती. फाट्यावरून हॉर्न वाजत होता. तेजलनं शिरगावचा नंबर मागितला. कस्तुराबाईंनी तो सांगितला, पण "या" म्हणाल्या नाहीत. तांदळाचं सूप घेऊन आत गेल्या.

परतीच्या वाटेवर टाकव्याला तीन पोती चढली, दोन म्हातारे चढले, आणि एकानं उतरलेलं पोतं पुन्हा चढवलं. "निवृत्तीभाऊ, चला ना," तेजल चौथ्यांदा म्हणाली. "चाललोय की ताई, पंख हायत का मला?" चार पस्तीसला करंजाचं झाड दिसलं. भामाबाईनं धावत जाऊन गोणपाट अंथरलं. सहा फोन मांडले. सातवा वरच, कस्तुराबाईंकडे राहिला होता.

एक मिनिट काहीच झालं नाही. दोन मिनिटं. तेजलनं नकाशा उघडून ठेवला होता. जाडजूड ठिपका तिथेच, हलायचं नाव नाही. आपण चुकीचं लावलं, ती मनाशी म्हणाली, सगळ्या जणींचं चुकीचं लावलं. मग टिंग वाजलं. चिमाबाईचा ठिपका झाडाखालून उठला आणि डोंगरात जाऊन बसला. मग माधवीचा. मग एकामागून एक चार. सहा वाड्यांत सहा. तेजलनं लेकीच्या टाळूवर ओठ टेकले आणि तसेच ठेवले.

पाचला आठ कमी असताना तिनं सरांना फोन लावला. आधी सहा जणींचं सांगितलं, भामाबाईची पिशवी, रेंज, सगळं. सर "अच्छा, अच्छा" म्हणत ऐकत होते. मग ती म्हणाली, "सातवी राजेश्वरी. सर, ती बाळंत झालीय. तेवीस दिवस ती इथे नाहीच. तिचं काम तिच्या सासूबाईंनी केलं. तिच्या नावानं."

पलीकडे कुणीतरी खुर्ची सरकवल्याचा आवाज.

"हे तू मला का सांगितलंस?" सर शेवटी म्हणाले. "सहाच्या जोडीला सातवा ठिपका आला असता तर मी विचारणारही नव्हतो."

"माहीत आहे."

"तीन आठवड्यांचं काम बाद करावं लागेल. बावीसच्या बावीस."

"चुका बाद करू नका सर. चुका खऱ्या आहेत. नाव तेवढं चुकीचं आहे."

"ती टिंबाची पण सासूबाईंचीच?"

"हो."

"वय काय त्यांचं?"

"साठीच्या आसपास असेल."

सरांनी मोठा श्वास घेतला. "आपल्या अख्ख्या जिल्ह्यात पन्नाशीच्या वरचं एक माणूस नाहीये. वरचे रोज बोंबलतात त्यावरून. ऐक, असं कर. त्या ओळीतलं नाव बदल. राजेश्वरीच्या जागी सासूबाई. सात झाल्या, विषय संपला."

चार मिनिटं उरली होती. भामाबाई काठी घेऊन कावळ्याकडे बघत होती, पण तिचे कान इकडेच होते.

"नको सर," तेजल म्हणाली. "त्यांना नव्या ओळीत घ्या, त्या तयार झाल्या तर. आज तयार नाहीत. राजेश्वरीची ओळ आहे तशी राहू दे."

"शून्य काम असलेली? नियमानं ती आपोआप कापली जाते."

"तो नियम मीच त्यांना ऐकवला. म्हणून तर हे झालं. बाळंत आहे असं लिहायला आपल्याकडे जागाच नाही, सर. मी स्वतः लेक झाल्यावर बाराव्या दिवशी तुमची यादी भरायला घेतली होती. तुम्हाला ते माहीतही नाही."

हे बोलायचं तिनं ठरवलं नव्हतं. फोन कटला की काय, म्हणून तिनं कानावरून काढून बघितला.

"सहांवर गट चालू ठेवतो," सर म्हणाले. "सातवी ओळ महिनाभर हातानं अडवून धरतो. त्यापुढचं माझ्या हातात नाही. आणि तेजल, पुढच्या महिन्यात तुझ्याकडेही बारीक लक्ष असणार आहे. तेही मी थांबवू शकत नाही."

"हो सर."

फोन बंद झाला. "काय म्हनला?" भामाबाईनं विचारलं. तेजलनं सांगितलं. भामाबाईनं मान हलवली, पण खूश झाली की नाही ते कळलं नाही. "कस्तुरा लय दीस बोलायची न्हाई तुझ्याशी," एवढंच म्हणाली आणि उरलेल्या मेथीची जुडी तिच्या पिशवीत खोचली.

लोकलला अजून वेळ होता. तेजल स्टेशनच्या बाकावर बसली, लेकीला मऊ भात भरवला आणि मग शिरगावचा नंबर लावला. राजेश्वरीच्या आईनं उचलला. आतून पावलं आली, आणि मग तीन आठवड्यांनी तो आवाज.

"ताई?" नमस्कार नाही, काही नाही. "माझं नाव कापलं का?"

"नाही."

"खरं सांगा. आत्याबाईंनी काही चुकीचं केलं का?"

"खरं सांगते. तुझी ओळ आहे. रिकामी आहे, पण आहे. महिनाभर राहील."

"रिकामी चालते?"

"आज चालली," तेजल म्हणाली. "महिन्यानं काय होईल ते मला माहीत नाही. पण तू आत्ता काही करू नकोस. आत्याबाईंनाही तुझ्या नावानं करू देऊ नकोस. आणि त्यांच्यावर रागवू नकोस. त्या लय चांगलं काम करतात. त्यांनी स्वतःच्या नावानं करावं असं मला वाटतं, पण ते त्यांना तूच सांगितलंस तर पटेल."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. "मला वाटलं, ताई, तुम्ही ओरडणार," ती म्हणाली. आणि तेवढ्यात मागे ते पोर रडायला लागलं, पंधरा दिवसांच्या पोराचं कोरडं, चिरकं रडणं. "थांबा हं, ठेवू नका, घेते याला."

तेजलनं ठेवला नाही. पलीकडे कपड्यांची सळसळ झाली, रडणं तुटलं, आणि मग बाळाच्या घोट घोट पिण्याचा आवाज सुरू झाला. तेजलची लेक फोनकडे हात करून कान देऊन ऐकत होती, आणि तेजल तिला धरून, गाडी येईपर्यंत, तशीच बसून राहिली.